बाबांचे पिवळे तळवे

चिऊ,

टेबलावरची दवाखान्याची फाईल बघून घाबरू नकोस. बाबांना काही झालेलं नाही. काही म्हणजे काहीच नाही! चिठ्ठी मुद्दाम ज्यूसरला चिकटवतेय, घरी आल्यावर तू आधी तिकडेच जातेस.

परवा पांढरं कापड बेतताना त्यांना आपले तळवे पिवळे दिसले. तुझा काका असाच पिवळा पडून गेला, म्हणून हे साबणाने हात घासत बसले. शेवटी मीच धरून नेलं. आज रिपोर्ट आले. कावीळ नाही, लिव्हर ठणठणीत. डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, हसल्या आणि म्हणाल्या, "गाजरं किती खाता?"

बाबा माझ्याकडे बघतात, मी छताकडे.

तुझा तो गाजराचा रस माझ्या घशाखाली उतरत नाही गं. तुझी पाठ वळली की मी ग्लास त्यांच्यापुढे सरकवायचे. दादाही तेच करायचा, हे आज कळलं. आणि हे एकटे तिन्ही ग्लास संपवायचे. का, तर म्हणे, "काका गेल्यापासून पोरगी माझ्या धास्तीनं पहाटे उठते, तिचं ओतून कसं द्यायचं?"

रस थांबवला की रंग आपोआप उतरेल. वाईट वाटून घेऊ नकोस. उद्या मात्र उशिरापर्यंत झोप.

कोपऱ्यावरच्या बेकरीत आहोत, तूही ये.

आई

थांब, बाबांना पेन हवंय.

चिऊ, रस चांगला व्हायचा. तिसरा ग्लास तेवढा जड जायचा. मी कुठे जात नाहीये. बेकरीपर्यंत तेवढा.