मेंढरं किती?

रविवार, संध्याकाळ. कुपवाड, खोलीवर.

डोकं अजून तापलंय. दर रविवारी आम्ही कारखान्यातले चौघं फाशांचा खेळ खेळतो. प्रत्येकानं एक माणूस रचायचा आणि त्याच्या तोंडानं बोलत गोष्ट पुढं न्यायची. आजवर माणसं आम्ही गप्पा मारत रचायचो. आज सागरनं लॅपटॉप आणला. म्हणे, सॉफ्टवेअर चुटकीसरशी माणूस तयार करून देतंय, डोकं कशाला शिणवायचं? शिणू दे की! त्यातच तर मजा होती.

माझा माणूस म्हसवडकडचा मेंढपाळ, थेट माझ्या चुलत्यावर बेतलेला. नाव टाकलं, वय टाकलं. मग रकाना आला: मेंढरं किती?

मी म्हणालो, "मोकळा सोड. आमचा चुलता मेंढरं मोजत न्हाई. मोजली की दृष्ट लागती म्हणतो. सांजच्याला नुसती तोंडं बघतो, कोण आलं न्हाई ते त्याला कळतं."

"आकडा टाकल्याबिगर पुढं जात न्हाई रं," म्हणत सागरनं मला न विचारता शंभर ठोकून दिलं.

शंभर! कुणाची, कुठनं आली? एकाचंही तोंड मला दिसेना. त्या लॅपटॉपवर चहा ओतावासा वाटला. तरी फासा हातात घेतला, तेच आता जास्त झोंबतंय.

खेळ सुरू झाला. फासा वाईट पडला, लांडगा आला. सागरनं बटण दाबलं.

"नव्व्याण्णव. चल, पुढं."

"कुठलं गेलं?" मी विचारलं.

तिघंही हसले. सागरनं स्क्रीनवरनं मानसुद्धा वर केली नाही.

"कुठलं म्हंजे? एक."