पॅरिसचं गटार आणि कुत्र्यांची दफनभूमी

ओकव्हिल, १४ सप्टेंबर

प्रिय दिलीपराव,

सप्रेम नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो ना? वहिनींची शुगर कशी आहे? मी आणि अरुणा, आम्ही दोघं जयदीपच्या बेसमेंटात सुखरूप आहोत (खिडकी आहे, तिच्यातून शेजाऱ्याने रचून ठेवलेले, बर्फात लागणारे विंटर टायर दिसतात). फोनवरचं बोलणं वर ऐकू जातं, म्हणून हे पत्र.

मुलाने आम्हांला पॅरिस दाखवलं, हे तुमच्या कॉलनीभर झालंच असेल. आता खरं ऐका. विमानातच सूनबाईने, यामिनीने, यादी काढली. "बाबा, आयफेल टॉवर काय सगळेच बघतात. आपण हिडन जेम्स करू." पहिलं रत्न म्हणजे गटार. थट्टा नाही, तिथे जमिनीखाली गटारांचं म्युझियम आहे. महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सातासमुद्रापलीकडे नेऊन, तिकीट काढून, गटार दाखवलं. वास ओळखीचा होता. नात कादंबरी नाक दाबून म्हणाली, "आजोबा, धिस वॉज युअर जॉब? ईऽऽ!" आणि जयदीपने (ज्याचं इंजिनिअरिंग त्याच वासावर झालं) तिला गप्प केलं नाही.

दुसरं रत्न कुत्र्यांची दफनभूमी. नदीकाठी, झाडीत, संगमरवरी थडगी, ताजी फुलं, एकेकाचा फोटो. आपल्याकडे माणसाच्या नावाचा बाक बसवायला नगरसेवकाच्या किती खेपा घालाव्या लागतात, ते तुम्हांला ठाऊक आहे. तिथेच एका बाकावर जयदीप मला घेऊन बसला. "बाबा, नागपूरचा फ्लॅट विकून टाकू. कोण राहणार आहे आता तिथे?" मी म्हटलं, "बघू." तो म्हणाला, "बघू काय? गिऱ्हाईक तयार आहे. तुमची फक्त सही हवी." अरुणा थडग्यावरची फुलं बघत होती, किंवा बघितल्यासारखं करत होती. मी "बरं" म्हटलं. दिलीपराव, कंत्राटदारांना कधी "बरं" न म्हटलेला मी! इतक्या इमानी जनावरांच्या मधोमध बसलं की माणसाची मान आपोआप हलत असावी.

टॉवर परतताना टॅक्सीतून दिसला. मग मध्ये ट्रक आला. अरुणा तेव्हा कादंबरीला केळं सोलून देत होती, तिला तेवढाही दिसला नाही.

वहिनींना नमस्कार, तुमच्या चिरंजीवांना आशीर्वाद.

तुमचा,
शरदचंद्र

ता. क. : गिऱ्हाईक तुमच्याकडे ठेवलेली फ्लॅटची चावी मागायला येईल. देऊ नका. हरवली म्हणा. सही अजून केलेली नाही, करणारही नाही. दिवाळीआधी आम्ही दोघं कायमचे परत येतोय. नळाला पाणी येतं का, तेवढं बघून ठेवा. जयदीपला कळू देऊ नका.

ता. क. २ : भाऊजी, मी अरुणा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गटारात हे दीड तास त्या गाइडलाच उतार कसा काढायचा ते शिकवत होते, बाहेर यायला तयार नव्हते; तेवढं लिहायचं राहिलेलं दिसतं. चावी देऊ नका, ते बरोबरच आहे. पण गादी एकच झटकून ठेवा. मी कादंबरीपाशी राहणार आहे. यांना अजून सांगितलेलं नाही.