शिफ्टवरची करंगळी

चि. भाचेबुवांस,

आशीर्वाद. ते द्यायची आज मनःस्थिती नाही, पण मामेपणाचा मान राखतो. ताईचा गुडघा कसा आहे? तुला झोप लागते ना? (लागतच असणार. दुसऱ्याच्या झोपेचं खोबरं करणारे स्वतः छान झोपतात.) तुझी मामी मजेत आहे, आणि तिच्या मजेचं कारण मी आहे.

जन्मभर टायपिंग शिकवलेला माणूस तुला पेनने पत्र लिहितोय, यावरूनच काय ते समज. सुट्टीत आलास आणि जुना कॉम्प्युटर नव्यासारखा पळेल म्हणत त्यात लिनक्स घालून गेलास. पळतो रे, पण माझ्या हातून निसटून पळतो. पहिल्या दोन ओळी शहाण्यासारख्या उमटतात. मग जरा थांबून पुढचं वाक्य जुळवावं, तर क मारला की ख, ग मारला की घ, सगळ्या अक्षरांना एकदम धाप लागते. कंट्रोल मी केव्हाच सोडलेली असते, तरी हा ती दाबलेलीच धरून बसतो, आणि पुढचं साधं अक्षर मारलं की आख्खा लेख मिटतो. ऑल्टचं तर नावच काढू नकोस. मामीला बोलावून दाखवावं, तर तिच्यासमोर गुणी बाळासारखा चालतो.

उपाय सगळे केले. कीबोर्ड उलटा करून झटकला. (त्यातून पडलेल्या ऐवजावर मामी काय बोलली ते इथे देत नाही.) कळा टूथब्रशने घासल्या. शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा कीबोर्ड मागून आणला, त्यालाही तोच रोग. कोणती कळ दाबली ते दाखवणारी आज्ञा तू फोनवर सांगितलीस, तिने पानभर शिफ्ट, शिफ्ट, शिफ्ट एवढंच दाखवलं, म्हणजे तीही बिघडलेली. वैतागून निम्मे शॉर्टकट बंद केले. त्यात स्क्रीनचा फोटो काढणारा तेवढा राहिला, त्यामुळे आता माझ्या फजितीचे फोटो साठतायत. मधूनमधून वर एक पाटी येते, ती मी न वाचता घालवतो. कामातल्या माणसाने पाट्या वाचत बसायचं का?

सोमवारी मी जिथे शिकवलं त्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यायचाय, विषय ‘बिनचूक टायपिंगच्या सवयी’. आताची संचालिका माझीच विद्यार्थिनी. तिचा फोन आला, मी गाऱ्हाणं सांगितलं, तर अगदी मायेने म्हणाली, “सर, हातानेच लिहून द्या. आमच्याकडे कुणीतरी टाइप करेल.” माझा लेख म्हणे कुणीतरी टाइप करेल. मला इतकं लागलं की त्या दिवशी जेवण गेलं नाही. वर सांत्वन म्हणून तिने सांगितलं की त्यांच्याकडेही लिनक्स आल्यापासून शिक्षकांचे कीबोर्ड हेच चाळे करतात. म्हणजे दोष तुझ्या लिनक्सचाच. रविवारी येऊन ते काढून टाक, नाहीतर मामाचं घर विसर.

तुझ्यावर रागावलेला,
मामा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी लेख पुन्हा एकदा टाइप करून बघत होतो, तोच मामी शर्टाचं बटण लावत शेजारी येऊन बसली. ती स्क्रीनकडे बघतच नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. म्हणाली, “तुम्ही विचार करायला लागलात की ते बिघडतं.” मी भडकलो. तिने सुईने माझी करंगळी दाखवली. विचार करताना मी करंगळीने शिफ्ट ठोकतो. टाइपरायटरवर त्याने काही उमटत नाही आणि हातही चालता राहतो, म्हणून मी प्रत्येक बॅचला ती सवय लावलीय. मग ती पाटी वाचली. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की एक सोय सुरू होते, जिच्यात, ज्यांना दोन कळा एकदम दाबता येत नाहीत अशांसाठी, सोडलेली कळही दाबलेली धरतात. दोन कळा खरोखर एकदम दाबल्या की सोय आपोआप बंद. मामीने ती कायमची बंद केली. तेव्हापासून मी गप्प बसलो की स्वयंपाकघरातून विचारते, “विचार चाललाय का?”

ता. क. २. लेख गेला. मीच टाइप केला, बिनचूक. तिसरी सवय तेवढी गाळली.

ता. क. ३. आता खरं काम. संस्थेतले सगळे शिक्षक माझ्याच हाताखाली शिकलेत. आलं लक्षात? रविवारी इकडे येण्याआधी तिकडे जा, साफसफाईला मामाने पाठवलंय म्हण, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवरची ती सोय गुपचूप बंद कर. दोष काय होता असं कुणी विचारलंच, तर लिनक्सचा म्हण. एवढं मामासाठी सोस. आणि निघताना संचालिकेच्या करंगळीकडे बघून ये. अजून ठोकत असेल, तर मला बरं वाटेल.