तात्यांच्या बरणीतले भुंगे

मंगळवार, संध्याकाळ, १९९८

मुडशिंगीच्या तळ्यात आज भुंगे सोडले एकदाचे. तळ्यावर पसरलेलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, खाणारे हे भुंगे सोडायला काठावरचे शेतकरी तात्या तयारच नव्हते. "उद्या माझ्या उसात शिरलं तर?" केंदाळाशिवाय ते काही खात नाहीत, हे सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी पंधरवड्यापूर्वी थोडे भुंगे बरणीत घातले, सोबत उसाचा पाला टाकला आणि बरणी त्यांच्याच घरी ठेवली.

आज पाहिलं तर पाल्याला कुरतडल्याची खूणही नव्हती. भुंगे तळाशी मरून पडलेले. मला आनंदच झाला. तात्यांना नाही.

"उपाशी मेली की ओ. तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

"व्हय," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आता वाटतं, बरणीत केंदाळाचंही एक पान टाकलं असतं तर? ते खाल्लं असतं, ऊस तसाच राहिला असता. तात्यांना तेवढ्यानंही पटलं असतं. सुचलं कसं नाही?

तात्यांनी मेलेले भुंगे घरामागच्या परड्यात पुरले. मग माझ्याबरोबर तळ्यावर आले आणि उरलेल्यांचा डबा माझ्या हातातून घेऊन स्वतःच केंदाळावर हळूच रिता केला.

"खावा पोटभर," म्हणाले.