पुठ्ठ्यावरचे पेशंट

शहापूर,
६ ऑक्टोबर २०२४

ती. चंदाआत्यास,
जयूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू डब्यात जपून ठेवतेस, म्हणून हे पत्र. किशोरच्या जीपने पाठवते आहे. तो शहापूरला परत येईल तेव्हा त्याच्याकडेच उत्तर दे. पोस्टाच्या भरवशावर राहू नकोस.

बातमी अशी, की आमच्या हॉस्पिटलात नवं यंत्र आलं. पेशंट दाखल झाला की त्याच्या मनगटावर पट्टा बांधायचा, त्या पट्ट्यावर कोड. औषधाच्या पाकिटावर दुसरा कोड. आधी स्कॅनर हाताला लावायचा, मग औषधाला. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर जे लिहिलं त्याच्याशी जुळलं तर हिरवा दिवा, नाही जुळलं तर लाल. लाल झालं की असा कर्कश ओरडतो की व्हरांड्यातली माणसं वळून बघतात.

तू म्हणशील, एवढं कशाला? अगं, आमच्याकडे पेशंटला नावाने कोण ओळखतं? खाटेच्या नंबरानेच सगळा कारभार. आणि बायका खाटा बदलतात. एखाद्या खाटेवर कोणी गेलं की तिथे झोपायला पुढची बाई धजत नाही. शेजारणीची मनधरणी करते, दोघी जागा बदलतात, आम्हाला कोणी सांगत नाही. पाळी बदलली की नवी सिस्टर नंबर बघून गोळी देऊन मोकळी. या गोष्टीची धास्ती मला नोकरीला लागल्यापासून आहे. आता खाट कुठलीही असू दे, हात तर जिचा तिचाच असणार. मला इतका आनंद झालाय की पेढे वाटायचेच बाकी आहेत.

भातकापणीत विळा जपून चालव. कळावे, माया आहे तशीच ठेव.

तुझी,
जयश्री

*

सरळगाव, ता. मुरबाड,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. जयूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून हसले. आमच्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावरही नंबर आहे. आता माणसांनाही बिल्ले आले म्हणायचे. पुढच्या खेपेला तुझ्याकडे येईन तेव्हा दूध किती देते तेही लिहून घे.

पण चेष्टा राहू दे, एक सांगते. गेल्या वर्षी लाळ्या-खुरकुताची लस टोचायला माणूस आला होता. गोठ्यात शेण, चिखल, त्याचे बूट नवे. तो आमच्या ओट्यावरच बसला, चहा प्याला, आळीतल्या सगळ्या गुरांचे नंबर बसल्या बसल्या मोबाइलवर टाकले आणि गेला. माझ्या अक्षयच्या फोनवर मेसेज आला की म्हैस टोचली. म्हशीला त्याची खबर नाही. पावसाळ्यात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली तेव्हा अक्षय मला तो मेसेज दाखवत होता. म्हणून विचारते, तुझ्या त्या यंत्रापाशी ओट्यावर बसणारं कोणी नाही ना?

विळा जपून चालव असं तू लिहिलंस आणि त्याच दिवशी पायाला लागला. तुझीच दृष्ट. हळद भरली आहे, काळजी नको. येत जा, आठवण ठेवत जा.

तुझी,
चंदाआत्या

*

शहापूर,
२७ ऑक्टोबर २०२४

ती. चंदाआत्यास,
जयूचा सा. न. वि. वि.

तुझा ओट्यावरचा माणूस आमच्याकडे निघाला गं. माणूस नव्हे, बाई. आमच्या इन्चार्ज अनिता सिस्टर.

वॉर्डातल्या खांबापलीकडे नेट पोहोचत नाही. तिथे स्कॅनर अडकतो, पुन्हापुन्हा लावावा लागतो. सिस्टर दोघी आणि खाटा भरलेल्या. त्यांची दमछाक मला कळते, माझीही होते. पण त्यांनी उपाय काय काढला, तर प्रत्येक पट्ट्याची दुसरी प्रत छापून एका पुठ्ठ्यावर खाटेच्या क्रमाने चिकटवली. टेबलाशी उभं राहायचं, पुठ्ठ्यावरच्या कोडाला स्कॅनर लावायचा, औषधाला लावायचा, हिरवा दिवा बघायचा आणि मग ट्रे घेऊन खाटांवर वाटत जायचं. आमचे मॅनेजर मितेशसाहेब तर खूश, कारण त्यांच्या स्क्रीनवर शंभर टक्के. मी नाही म्हटलं. मी खांबापलीकडे जाऊन हातालाच लावत राहिले, म्हणून मी संथ ठरले.

परवा व्हायचं तेच झालं. सरू नावाच्या बाईला दिलेल्या खाटेवर आदल्या दिवशी एक म्हातारी वारली होती. सरू घाबरली. तिच्याच पाड्यावरची सावळी म्हणाली की तू माझ्या खाटंवर नीज, मला कसलं भ्या नाय. सरूला साखरेचा आजार, सावळीला नाही. पुठ्ठ्यावर हिरवा दिवा लागला आणि सरूचं इन्सुलिन सावळीला गेलं. तिला दरदरून घाम सुटला, जीभ अडखळायला लागली. मी नेमकी शेजारी होते. ग्लुकोज लावलं, वाचली. यंत्रात मात्र सगळं हिरवं.

मी पट्टी कापायच्या कात्रीने तो पुठ्ठा सगळ्यांसमोर कापला. मितेशसाहेबांनी बोलावून सांगितलं की हॉस्पिटलच्या वस्तूची नासधूस केल्याबद्दल माफी लिहून द्या, आणि सावळीचा विषय बाहेर काढू नका. मी म्हटलं की सावळीच्या नवऱ्याला मी सगळं सांगून आले आहे, आणि माफी मी लिहिणार नाही. झालं, वॉर्डातून काढून मला खाली पेशंट दाखल करण्याच्या खिडकीत बसवलं आहे. पुढच्या महिन्यात नोकरीवर ठेवायचं की नाही ते ठरणार. अनिता सिस्टरांनी नवा पुठ्ठाही केला.

बाबा म्हणतात, लिहून टाक. तू काय म्हणतेस? कळावे, राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
जयश्री

*

सरळगाव,
३ नोव्हेंबर २०२४

चि. जयूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कुंडलिक माझा धाकटा भाऊ, तुझा बाप झाला म्हणून मला शहाणा झाला नाही. दिवाळीला आला तेव्हा त्याला समोर बसवून सांगितलं की पोरीला वाकायला शिकवू नको. तो म्हणाला की नोकरी गेली तं काय करायचा. मी म्हटलं की गेली तर गेली, हात शाबूत आहेत तिचे. तो जेवला आणि गेला.

माफी लिहायची नाही. लिहिलीस तर माझ्या दारात येऊ नकोस, इतकं साधं आहे.

बाकी पाय सुजून गुडघ्यापर्यंत लाल झाला आहे, ताप आहे. मुरबाडच्या डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं. अक्षय कल्याणला न्यायचं म्हणतो. मी त्याला सांगितलं की शहापूरलाच नेशील, जयूच्या हॉस्पिटलात. तो म्हणाला की तुला येड लागलंय. लागू दे. उद्या किशोरच्या जीपने निघतो. मला पेनिसिलिन चालत नाही, मागे तोंड सुजून श्वास कोंडला होता, ते तुझ्या यंत्रात घाल.

खिडकीत भेटू.
चंदाआत्या

*

महिला वॉर्ड, वरचा मजला,
७ नोव्हेंबर २०२४

चि. जयूस,
आशीर्वाद. वि. वि.

तू खाली खिडकीत आणि मी वर, तरी पत्र लिहिते आहे, कारण भेटीच्या वेळी अक्षय मध्येमध्ये बोलतो. वॉर्डातल्या मावशीकडे देते.

शेजारच्या खाटेवर किन्हवलीची बाई आली. काल त्याच खाटेवर कोणी गेलं हे तिला कुणीतरी सांगितलं आणि तिने रडायला सुरुवात केली. मी म्हटलं की ये माझ्या जागी, मला मेलेल्या माणसांपेक्षा जिवंत जास्त छळतात. ती इथे, मी तिथे.

आज सकाळी अनिता सिस्टर सुई घेऊन आल्या. मी दंड पदराखाली घेतला आणि मनगट पुढे केलं. पट्टा बांधताना तू कानाशी तोंड आणून ओरडली होतीस की याला स्कॅनर लावल्याशिवाय औषध घेऊ नकोस, ते विसरले नव्हते. त्या बराच वेळ मला काहीतरी समजावत होत्या. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, कानातलं यंत्र मी मुद्दाम डब्यात ठेवलं होतं. मी एकच सांगत राहिले की हाताला लावल्याबिगर मी सुई घेनार नाय. माझा आवाज तुला माहीत आहे, अख्खा वॉर्ड उठून बसला. शेवटी त्या चिडून स्कॅनर घेऊन आल्या आणि लावला.

दिवा लाल झाला. सुई किन्हवलीच्या बाईची होती, पेनिसिलिनची.

तो आवाज मात्र मलाही ऐकू आला. अनिता सिस्टर खाली स्टुलावर बसल्या. मीच त्यांना पाणी दिलं. वाईट बाई नाही ती, दमलेली आहे. पण दुपारच्या गोळ्या आल्या तेव्हा किन्हवलीच्या बाईने मनगट पुढे केलं, मग तिच्या पलीकडचीने, मग खांबापलीकडच्या साऱ्यांनी. हाताला लावल्याशिवाय एकीनेही गोळी तोंडात घातली नाही. पुठ्ठा सिस्टरांनी स्वतःच फाडला.

मला घाबरायला रात्री सवड मिळेल. तू जेवून घे.

तुझी,
चंदाआत्या

*

शहापूर,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. चंदाआत्यास,
जयूचा सा. न. वि. वि.

तू चालायला लागलीस हे किशोरकडून कळलं. मनगटावरचा पट्टा अजून कापू देत नाहीस, असंही तो सांगत होता. म्हशीशी बरोबरी झाली एकदाची.

तुझं पत्र वाचून मी खिडकी बंद केली आणि पोटभर रडले. पट्टा बांधून तुला त्या वॉर्डात मीच पाठवलं होतं, तुला काही झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? असो. रडून झाल्यावर खिडकी उघडली.

आता इथली हकीकत. खांबापलीकडे नेटचा डबा बसला. आठवडाभर सगळं हाताला लावल्यावर मितेशसाहेबांच्या स्क्रीनवर लाल नोंदी दिसायला लागल्या आणि शंभर टक्के गेले. त्यांना वाटतं, हॉस्पिटल बिघडलं. अनिता सिस्टरांनी सावळीचा आणि तुझा, दोन्ही प्रकार विश्वस्तांना आपल्या तोंडाने सांगितले, म्हणून माझी नोकरी राहिली. पण माफी लिहिल्याशिवाय वॉर्डात परत घेणार नाही, असं साहेबांनी बजावलं आहे. मी लिहिलेली नाही. लिहिणारही नाही. बाबांनी परवा फोन केला, फक्त विचारलं की खिडकीत वारा लागतो का.

वॉर्डापासून लांब राहावी म्हणून साहेबांनी मला इथे बसवलं. पण आत्या, पट्टे इथेच बांधतात. वर जाणारा प्रत्येक हात आधी माझ्या हातात येतो. बांधता बांधता मी प्रत्येकीला सांगते, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, की औषध आलं की हे मनगट पुढं करायचा, याला लावलं नाय तं घ्यायचा नाय.

साहेबांची केबिन समोरच आहे. दार उघडंच असतं.

येत्या रविवारी जेवायला येते, पाय दाखव. कळावे, माया वाढव आणि आवाज आहे तेवढाच ठेव.

तुझी,
जयश्री