खप शून्य

मंगळवार, २६ ऑगस्ट २००३

दादावर उगाच ओरडले का? उगाच नाही.

दुपारी मांडवीची हमीदाचाची आमच्या औषधांच्या दुकानात आली. तिच्या मुलाच्या फिटच्या गोळ्यांचा गेल्या महिन्यापासून तुटवडा आहे. मी नेहमीसारखं म्हटलं, "नाही आल्या." ती म्हणाली, "नारळी पुनव झाली, बोटी सुटल्या ताई. पण गोळी नाय तवर पोराला दर्यात नाय पाठवायची मी." आणि छत्री उघडून चालती झाली.

मला राहवेना. होलसेलरला फोन लावला. तो म्हणतो, "माल कधीच आलाय मॅडम. तुमची ऑर्डरच नाही."

ऑर्डर काढतं दादाचं नवं सॉफ्टवेअर. तुटवडा वेळेत कळावा म्हणून हौसेने आणलेलं. दादाने यादी उघडून दाखवली, तर त्या गोळ्यांपुढे मागणी शून्य. का? तर महिनाभर खप शून्य! अरे, कपाटात गोळीच नाही तर खपणार काय, माझं डोकं? "मशीनला फक्त बिल कळतं गं," दादा म्हणाला. म्हणजे चाचीने घातलेल्या खेपा मशीनच्या लेखी झाल्याच नाहीत. रिकाम्या हाताने गेलेल्याचं बिल होत नाही ना.

मागवलेल्या गोळ्या उद्या आल्या की मीच मांडवीला नेऊन देईन. चाचीचं घर मला माहीत आहे. पण माझं "नाही आल्या" ऐकून आणखी कोण कोण परत गेलं, त्यांचे चेहरेसुद्धा मला आठवत नाहीत.