पडलेल्या वर्षबाबाची निरवानिरव

मी, साव्हेरियो दि युलिओ, वय एकाहत्तर, धंदा खोगिरे शिवण्याचा, राहणार रोक्काव्हेर्दे, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे डाव्या हाताने लिहीत आहे. विचाराने जन्मभर डावाच होतो. उजवा हात कार्निव्हलच्या मंगळवारी गेला.

तो कसा गेला हे आधी लिहितो, कारण पुढचे सगळे त्यावरून ठरले आहे. बारा महिन्यांच्या सोंगात मी वर्षबाबा, म्हणजे महिन्यांचा म्हातारा बाप होतो. बारा मुलगे गाढवांवरून चौकात येऊन आपापले कवन म्हणतात. शेवटी बाप गाडीवर कोसळतो आणि मुलगे मालमत्तेवरून भांडतात. यंदा फेब्रुवारीच्या कवनातच मी कोसळलो. खरोखर, अर्धांगाच्या झटक्याने. ज्या चौकात मी भाषणांनी जमीनदारांना घाम फोडला, तिथे मला "वाचवा" म्हणता येईना. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

माझा पुतण्या एलिजिओ जानेवारी झाला होता. तो कानाशी वाकून म्हणाला, "काका, आता उठू नका हं. लोकं खूश आहेत."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

फेब्रुवारी झालेला चुनाभट्टीवाला लिबेरातो कवन टाकून गाढवावरून उतरला. "अरे, यांचं तोंड वाकडं झालंय, हसताय काय गाढवांनो!" लोक आणखीच हसले. फेब्रुवारी मुळात आखूड. त्याचे कवनही अर्धेच, हा त्यांना विनोद वाटला! त्याने एकट्याने गाडी हाकून मला डॉक्टरकडे नेले. आणि सोंगाच्या मंडळाने काय केले? कवन अर्धवट सोडणाऱ्याचे सोंग जाते, या नियमाने त्याचे सोंग काढून घेतले.

माणूस मरताना पाहत बसायला लावणारा नियम परंपरा नव्हे, भेकडपणा आहे. हे मी चौकात बोललो असतो. जीभ अजून अडखळते, म्हणून इथे लिहितो.

राहते घर बहीण झेलिंदाला. ती म्हणते, "आतातरी गप्प बसायला शीक." शिकणार नाही.

पुस्तके शेतमजूर संघाच्या वाचनालयाला. पाद्रीबुवांनी नेलेली दोन परत मागावीत.

आऱ्या, सुया, चामडे लिबेरातोला.

एलिजिओला माझी लोकरी टोपी. घर आपलेच म्हणून त्याने चार गावांत सांगून ठेवले आहे. आता तेवढ्याच गावांत टोपीचे सांगावे.

वर्षबाबाचा झगा, दाढी आणि गाडी माझ्या मालकीची आहेत, मंडळाची नव्हेत. तीही लिबेरातोला. मंडळाने त्याला वर्षबाबा करावे. नसेल करायचे, तर बापाविनाच बारा महिने नाचवावेत.

साक्षीदार दोनातो स्कार्पा (जुलै) आणि व्हितो मान्चिनेल्ली (नोव्हेंबर) यांना हे वाचून दाखवले. दोघांनीही त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या. दोनातोने सही करताना विचारले, "पण साव्हेरियोकाका, सोंगात कोण खरं मरतंय, ते आम्हाला कळायचं कसं?"

"जवळ येऊन विचारायचं," मी म्हणालो.

व्हितोने मान खाली घातली आणि सही केली.

रोक्काव्हेर्दे, २ मार्च १९५८
साव्हेरियो दि युलिओ
साक्षीदार: दोनातो स्कार्पा, व्हितो मान्चिनेल्ली